घरचं माणूस

जनरेटरवाला गार कोठीत शिरला, जड दार मागे लागलं आणि काचेबाहेर बसलेल्या त्याच्या बायकोने मनातल्या मनात बेरीज मांडली. गार, विरळ हवेच्या या चाचणीत पास झाला तर तो वर्षभर डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात जाणार. त्याला हवी ती जागा मिळणार. तिला अख्खा पलंग, रेडिओवर आपली मर्जी, आणि ‘मीठ कमी आहे’पासून सुटका. खरं तर फायदा तिचाच जास्त होता.

"दार नीट लागलंय का बघ गं," स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "कुठून तरी वारा येतोय."

"अहो, गारठ्यातच बसायला गेलात ना?"

"गारठा वेगळा, वारा वेगळा."

शेजारी बसलेल्या, चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या. कोठीतली हवा हळूहळू विरळ होत होती. त्यांनी बायकोला आधीच समजावलं होतं. थंडीत शरीर बोटांतलं रक्त आत ओढून घेतं, म्हणून प्राणवायू मोजणाऱ्या बोटावरच्या चिमट्याचा भरवसा नाही. कुडकुडायलाही प्राणवायू लागतो. तो कमी पडला की कुडकुडणं परवडत नाही. ते थांबतं, आणि माणसाला वाटतं थंडीच गेली.

"माणूस बिघडतो तो आधी बोलण्यात," त्या म्हणाल्या होत्या. "पण मुळात तो कसा बोलतो, हे आम्हाला काय माहीत? म्हणून घरचं माणूस बसवतो."

घरच्या माणसाला काम सोपं होतं. आत स्टूल डगमगत होतं, दिवा डोळ्यांत जात होता, दिलेले मोजे कुणाच्या तरी दुसऱ्याच पायांचे होते. दात वाजवत तो एकेक तक्रार सांगत होता.

"ठीक आहेत," ती दर वेळी सांगायची. "असेच असतात."

मग तक्रारी विरळ झाल्या. खांद्यांची थरथर थांबली. अंगाचं तापमान अजून हद्दीत होतं.

"थंडी वाजतेय का हो?" तिने विचारलं.

"नाही गं. छान आहे इथे." तो काचेकडे बघून हसला. "तू केस मोकळे सोडत जा. छान दिसतेस. मी उगाच नावं ठेवतो. तुझ्या हातची चव कुणाला येत नाही."

तिचा हात डोक्याकडे गेला. चाप कधी निघाला, तिलाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाई वळल्या. "घरी असं बोलतात?"

एका ‘हो’चा प्रश्न होता. चाचणी संपायला थोडाच वेळ उरला होता. ‘हो’ म्हटलं तर जागा त्याची, पलंग तिचा, आणि या परक्या बाईसमोर ती नवऱ्याची लाडकी.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. दार उघडा."

बाहेर आणला तेव्हा त्याला पायांतले मोजेही काढता येत नव्हते. तापमान झरझर उतरायला लागलं होतं. दोघींनी त्याला ब्लँकेटांत गुंडाळलं. बऱ्याच वेळाने दात पुन्हा वाजू लागले. डॉक्टरीणबाईंनी घोटभर गरम पाणी दिलं आणि यंदा पुन्हा चाचणी होणार नाही, असं हळूच सांगितलं.

"पाणी कोमट आहे," तो म्हणाला.

तिने सुस्कारा सोडला.

"जरा दम धरला असतास, तर पास झालो असतो मी," तो बायकोला म्हणाला. "असं काय बोललो की घाबरलीस?"

डॉक्टरीणबाई खिडकीशी जाऊन काच पुसू लागल्या.

"स्टूल डगमगतंय म्हणालात," बायको म्हणाली.

"डगमगतच होतं." त्याने डोळे बारीक केले. "आणि हे केस कशाला सोडलेस? तोंडावर येताहेत."

तिने केस आवळून चाप लावला. जागा त्याची गेली, अर्धा पलंग तिचा. ते चार गोड शब्द आजाराच्या खात्यात जमा झाले. त्यात तिचं काय गेलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.