हंबीररावांच्या मातीचा नमुना

कागलकडच्या आमच्या गावात ७८ साली ऊस म्हणजे मान आणि पाणी म्हणजे हक्क होता. हंबीरराव तर पाट रानात सोडायचे आणि घरी येऊन निवांत झोपायचे. त्या पाण्यानं त्यांचं तीन एकर रान खारावलं, अर्ध्या भागात मीठ फुटून पांढरं पडलं. घरात पाच मुलगे, चार सुना आणि नातवंडं इतकी की नावं चुकायची. एवढ्यांच्या पोटाला तेच तीन एकर.

त्या वर्षी शेतकी खात्यानं दवंडी दिली. मातीचा नमुना द्या. ज्याची माती बिघडलेली निघेल त्याला खार मारायला जिप्सम फुकट, साचलेलं पाणी काढायला चरही खणून मिळतील. निकाल चावडीत वाचला जाईल. घोटाळा झाला तो यामुळं.

"चारचौघांत माझ्या रानाची अब्रू काढणार व्हय?" हंबीरराव बायकोला म्हणाले.

तानाबाई भाकरी थापत होत्या. "आवं, रान आजारी हाय. डाक्टरला दावायला लाज कसली?"

हंबीररावांना लाज वाटलीच. त्यांनी शेजारच्या बाबालाल बागवानाच्या मळ्यातली माती पिशवीत भरली आणि वर आपलं नाव लिहिलं. बाबालाल दरसाल खतासाठी ताग गाडायचा, मेंढरं बसवायचा, पाणी बेतानं द्यायचा. आम्ही त्याला चिकट म्हणायचो. मीही म्हणायचो, त्याची आज लाज वाटते.

महिन्यानं साहेब आले. "हंबीररावांची माती गावात अव्वल. जिप्समची गरज नाही," त्यांनी चावडीत वाचलं आणि हंबीररावांना फेटा बांधला. बाबालाल शेजारी बसून मनापासून टाळ्या वाजवत होता.

हंबीरराव बाहेर आले तर पाची मुलगे दारात उभे. थोरला कृष्णात दुसऱ्या दिवसापासून उचगावला कारखान्यात नोकरीला जाणार होता. तोच पुढं झाला.

"आबा, सरकारच म्हणतंय रान अव्वल हाय. मग नोकरी कशाला? वाटण्या करा की."

साहेब अजून आतच होते. दोन पावलं मागं जाऊन खरं सांगितलं असतं तर जिप्सम मिळालं असतं, रान वाचलं असतं. हंबीररावांनी एकदा आत बघितलं, डोक्यावरचा फेटा चाचपला आणि म्हणाले, "करतो की."

वाटण्या झाल्या. मीठ पाचीजणांच्या वाट्याला आलं. आता त्या रानात फक्त मधल्या चार बांधांवर गवत उगवतं, आणि ते कुणी कापायचं यावरून सख्खे भाऊ विळे घेऊन उभे राहतात.