सीटखालचा स्विच

गवत कापायचं यंत्र महिनाभरात तिसऱ्यांदा रुसलं, तेव्हा मेस्त्रीने ठरवलं की आता स्वतः जाऊन साडूचे कान उपटायचे. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मेस्त्रीपेक्षा आठ वर्षांनी मोठा, त्यामुळे कान उपटायचे ते मनातल्या मनातच. गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात साडू माळी होता. टाक्यांभोवतीचं अफाट गवत बसून चालवायच्या यंत्राने कापायचं, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम.

आधी दोनदा यंत्र टेम्पोत घालून गॅरेजवर आलं होतं. तक्रार दोन्ही वेळी एकच: किल्ली फिरवली की काहीच होत नाही, साधी टकटकसुद्धा नाही. मेस्त्री सीटवर बसायचा, ब्रेक दाबायचा, किल्ली फिरवायचा, आणि यंत्र पहिल्या झटक्यात गुरगुरायला लागायचं. तरी बिचाऱ्याने बॅटरीची टोकं घासली, प्लग बदलला, किल्लीमागच्या वायरी एकेक ओढून पाहिल्या. यंत्र परत गेलं की दोन दिवसांत साडूचा फोन ठरलेला.

"होत नाही रे सुरू."

"दादा, त्याला तुमचं तोंड आवडत नसेल," मेस्त्री म्हणायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं.

पण या वेळी गंमत उरली नव्हती. केंद्रातल्या साहेबांनी सांगितलं होतं की या आठवड्यात यंत्र चाललं नाही तर गवत बाहेरच्या ठेकेदाराकडे जाईल आणि माळ्याला फाटकापाशी खुर्ची मिळेल. दुसऱ्या कुणी ती खुर्ची आनंदाने घेतली असती. साडूने मात्र फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापरा झाला होता.

मेस्त्री पोचला तेव्हा साडू पंपघराच्या भिंतीला टेकून बसला होता. ऊन चांगलं तापलं होतं, तरी अंगात केंद्राचं जाड जाकीट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. गवत घोट्याच्या वर आलं होतं.

"थंडी वाजते का काय?"

"जरा कणकण आहे. तू यंत्र बघ."

मेस्त्री यंत्रावर बसला. सीटने कुरकुर केली, कारण मेस्त्रीचं वजन पंचाण्णव किलो होतं आणि सीटला ते दर वेळी नव्याने कळायचं. किल्ली फिरवली. यंत्र सुरू.

"घ्या. आता काय बोलणार?" मेस्त्री खाली उतरला. यंत्र लगेच बंद पडलं, आणि ते बरोबरच होतं. सीटखाली स्प्रिंगपाशी बोटभर स्विच असतो, बसणाऱ्याच्या वजनाने दाबला जाणारा. सीटवर माणूस नसेल तर तो इंजिन चालू देत नाही, कारण माणूस घसरून पडला तर खाली फिरणारी पाती त्याचा पाय ठेवत नाहीत. काही हुशार लोक त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतात, म्हणजे उतरलं की यंत्र बंद पडायची कटकट नको. मेस्त्रीचा या लोकांवर भारी राग. गॅरेजवर कुठलंही यंत्र आलं की तो आधी सीट उचलायचा आणि असा जोड दिसला की कापून डब्यात टाकायचा. गिऱ्हाईक बोंबललं तर "पाय नको असेल तर मला सांगा, मी कापून देतो" म्हणायचा. साडूच्या यंत्राचा स्विच त्याने दोन्ही वेळा पाहिला होता. ठणठणीत होता.

"आता तुम्ही बसा," तो म्हणाला. "माझ्यासमोर करा."

साडू उठला. भिंतीला हात लावून उठला, हे मेस्त्रीने पाहिलं, पण तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही. साडू सीटवर बसला, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता तेवढाच.

"पात्यांचा दांडा वर आहे का? बघू, सरका." काय चुकतंय ते पाहायला मेस्त्री त्याच्या मागून वाकला आणि तोल सांभाळायला त्याने साडूच्या खांद्यावर हात टेकला. "हं, फिरवा."

यंत्र सुरू झालं.

मेस्त्रीने हात उचलला. यंत्र बंद. त्याने पुन्हा हात टेकला, या वेळी मुद्दाम, जरा जोर देऊन, आणि साडूने न सांगता किल्ली फिरवली. यंत्र सुरू. मेस्त्रीच्या तळव्याखाली जाकीट होतं, जाकिटाखाली शर्टावर शर्ट होते, आणि त्यांच्याखाली नुसतं हाड होतं.

गॅरेजवर दोन्ही वेळा यंत्रावर तो स्वतःच बसला होता. यंत्र ज्याचं, त्याला एकदा बसवून बघावं, हे त्या पंचाण्णव किलोच्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

"किती झालंय वजन?" त्याने विचारलं.

"काट्यावर चढायचं सोडून दिलंय."

"डॉक्टर?"

"तीन महिने झाले दाखवून. त्यांनी सगळं सांगितलं. आता करण्यासारखं फार नाही म्हणाले."

"ताईला सांगितलंत?"

साडूने मान हलवली. नाही.

"म्हणजे यंत्राला काही झालेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"एकदा खताची गोणी मांडीवर घेऊन बसलो होतो. सुरू झालं. तेव्हा कळलं." साडू हातातल्या किल्लीकडे बघत होता. "तरी तुझ्याकडे पाठवलं. म्हटलं, तू काही तरी बिघाड काढशील. तुला कुठल्याही यंत्रात सापडतो."

मेस्त्रीने सीटची कड बोटाने दाबून पाहिली.

"वायरी जोडून दे," साडू म्हणाला.

"नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे तुला."

"दादा, चक्कर आली, पडलात, तर खाली पाती चालूच राहतील. मी नाही करणार. दुसरं काहीही सांगा."

"फाटकावर बसवतील रे मला. दिवसभर खुर्चीत बसून मी कशाचा विचार करू?" तो आवाज चढवून बोलत नव्हता. "इथे गवतापुरतं बघायचं असतं. तेवढा वेळ बरं असतं. जितके दिवस जमेल तितके."

मेस्त्री टाकीच्या कठड्यापर्यंत गेला आणि परत आला. त्याला साडूचा राग आला, डॉक्टरचा आला, त्या स्विचचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या दणकट मांड्यांचा आला. मग त्याने पेटीतून पक्कड काढली, सीट उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते काम केलं. त्याने जोडावर नीट टेप गुंडाळली.

साडू बसला. यंत्र सुरू झालं. तो हसला आणि त्याने पाती खाली सोडली.

मेस्त्रीने गॅरेजवर जायला हवं होतं. दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तो यंत्रामागून चालायला लागला. साडू पडला तर धावून किल्ली बंद करता येईल, एवढ्या अंतरावर. साडूने वळून हाताने "जा, जा" केलं, पण तो चालत राहिला. कापलेलं गवत बुटांना चिकटत होतं, धाप लागत होती. उद्या कोण चालेल आणि परवा कोण, याचा तो हिशेब लावत होता आणि तो लागत नव्हता.

तिसऱ्या फेरीत खिशातला फोन वाजला. ताई होती, साडूची बायको.

"झालं का हो सुरू? आवाज येतोय."

"झालं, ताई."

"काय बिघडलं होतं?"

"सीटखालचं जरा... केलंय."

"देव पावला." तिने मोठा श्वास सोडला. "तुम्हाला म्हणून सांगते, महिनाभर धड जेवले नाहीत. ताट तसंच. विचारलं की म्हणायचे, यंत्राच्या काळजीने घास उतरत नाही गं, ते सुरू झालं की जेवीन. नुसते वाळलेत बघा त्या यंत्रापायी. आज त्यांच्या आवडीचं करते सगळं. आता जेवतील ना?"

समोर साडू कोपऱ्यावर वळत होता, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर.

"जेवतील, ताई," मेस्त्री म्हणाला, आणि अंतर वाढलं म्हणून पळायला लागला.