एकशे एकचा शेकडा

नववीत मुलांनी बीजगणित घ्यायचं आणि मुलींनी गृहशास्त्र, हे शाळेत कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. आनंदीला मात्र बीजगणितच हवं होतं. हवं म्हणजे हवंच! तिने फेलिक्स मास्तरांच्या मागे असा लकडा लावला की शेवटी त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला: १०,००,००१.

"मूळ संख्या की संयुक्त? शनिवारी सांग. जमलं तर बीजगणिताच्या वर्गात पहिला बाक तुझा. नाही जमलं, तर मुकाट्याने गृहशास्त्र."

आनंदीने तीनने भागलं, बाकी दोन. सातने भागलं, बाकी दोन. अकराने, तेराने, तरी मेले दोनच! पुढे सतराने, एकोणीसने भागताना पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली.

"मूळ संख्याच ती," वर्गातला हुशार सत्यवान म्हणाला. "लाडू वळूक शीक आता."

त्यात शुक्रवारी मास्तरांनी तोंडी हिशेब विचारला. "पाच शेकडे नारळ म्हणजे किती?"

"पाचशे पाच!" आनंदी ताडकन उठून म्हणाली.

वर्ग खो खो हसला. "सरकारान रुपयाचे शंभर पैसे केल्यानी," सत्यवान ओरडला, "तुमच्या मिठबाव गावात एकशे एक काय गो?"

तापलेल्या कानशिलांनी ती घरी आली. घरापुढच्या खळ्यात काशीबाई आत्या नारळ मोजत होती. "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. आणि ह्यो रवळनाथाचो." प्रत्येक शंभरामागे देवाचा एक, आणि तो धरूनच त्यांच्या घरचा शेकडा. म्हणून तर ती चुकली होती!

आनंदी तिथेच थबकली. दहा लाख एक नारळ घरच्या शेकड्याने मोजले तर?

दहा हजार शेकडे होतील. देवाचे दहा हजार हवेत, हातात उरलेला एकच. तूट नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. मग काही शेकडे मोडायचे. एक मोडला की शंभर नारळ सुटतात, शिवाय त्याचा देवाचा एकही लागत नाही. म्हणजे मोडलेल्या दर शेकड्यामागे तूट एकशे एकने घटते. नव्व्याण्णव मोडले की तूट शून्य, आणि शेकडे उरतात नऊ हजार नऊशे एक...

"आत्ये, फिटली गो! सगळी तूट फिटली!"

"कोणाची गो बाय?" आत्या बघतच राहिली.

शनिवारी तिने फळ्यावर लिहिलं: १०१ × ९९०१. सत्यवानने पाटीवर दोनदा गुणून पाहिलं; दोन्ही वेळा दहा लाख एकच.

"संयुक्त!" मास्तर खुशीत म्हणाले. "पण बीजगणितात शेकडा शंभराचाच हं, आनंदी."

"शाळेत शंभराचो, मास्तरांनू. घराकडे नाय." मग ती दप्तर घेऊन पहिल्या बाकापाशी गेली. "सरक रे, सत्यवान!"

तो सरकला. जरा जास्तच सरकला.