ताऱ्याने न मारलेली उडी

हर्षददादाचा ताऱ्यावरचा पेपर छापून आल्याचं क्रांतीला कळलं तेव्हा अमिषा मांडीवर लुचत होती. डाव्या हातात मोबाइल धरून तिने लेखकांची नावं दोनदा वाचली. पाच होती. तिचं नव्हतं.

तारा मात्र तिचाच होता. जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, तालुक्याएवढा जेमतेम, पण चुंबकाचा जोर अचाट, आणि साडेसात सेकंदांत एक गिरकी. अकरा वर्षं उपग्रहांनी त्याचे क्ष-किरण टिपलेले. दोन निरीक्षणांमध्ये महिनेच्या महिने कोरडे जात. त्या काळात न दिसलेल्या गिरक्याही एक न चुकता मोजायच्या. सहा वर्षं क्रांतीने हेच केलं. बाळंतपणाला श्रीवर्धनला माहेरी आली तीही त्या मोजणीचे तक्ते घेऊनच.

बारशाला प्रयोगशाळेतला हर्षददादा आला. पाळण्याची दोरी ओढली, कोलंबी चापली, निघताना म्हणाला, "तक्ते पाठव, नजर टाकतो. तू पोरीकडे बघ." तिने पाठवले. मोठ्या भावासारख्या माणसाला कशाला म्हणून कोण विचारतं?

"तोंड का उतरलं गो?" सुपारी सोलता सोलता आईने, सगुणाने, विचारलं.

"दादाने माझं काम स्वतःच्या नावावर छापलं."

"त्यानं? कोलंबी दोनदा मागून घेतली मेल्यानं!"

क्रांतीला हसूही आलं, रडूही. मग तिने पेपर वाचायला घेतला. मथळ्यातच होतं: एका उन्हाळ्यात ताऱ्याचा वेग एकाएकी वाढला, त्याने उडी मारली.

ती उडी तिच्याच तक्त्यात होती, आणि खोटी होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसे किरण कधी लवकर पोचतात, कधी उशिरा. तो फरक काढायला ताऱ्याचं आकाशातलं नेमकं ठिकाण लागतं. तीन निरीक्षणांना तिने जुनं, ढोबळ ठिकाण भरलं होतं. तक्ते पाठवल्यावर, बाळ झोपलं की पुन्हा बसून तिने ते सुधारलं होतं, तशी उडी नाहीशी झाली होती. तारा बिचारा अकरा वर्षं शहाण्यासारखा हळूहळू मंदावत होता, इतकंच. हे सांगायला तिने दादाला कितीदा फोन केले होते. दोन महिने त्याने उचलला नव्हता. आज उचलला.

"अगं, तू रजेवर होतीस. पुढच्या पेपरात तुझं नाव पहिलं."

"दादा, ती उडी खोटी आहे."

तो अगदी मायेने म्हणाला, "तक्ता तुझा आहे, क्रांती. बोललीस तर चूक तुझी ठरेल. नाव नाही ते बरंच की."

"ठरेल कशाला? आहेच माझी."

तिने फोन ठेवला. अमिषाला आईकडे देऊन ती नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसली.

"गप राहा ना," सगुणा म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"त्या उडीवर दुसरे पुढची गणितं मांडतील, आई."

तीन निरीक्षणांची ठिकाणं मी चुकीची भरली, तिने लिहिलं. सुधारलेला तक्ता सोबत आहे. त्या ताऱ्याशेजारी तिचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं, तेही चुकीखाली. सही करताना माहेरचं आडनाव की सासरचं, यावर ती क्षणभर अडली. मग दोन्ही लिहिली आणि पत्र पाठवून दिलं.