नाटकाचं तिकीट आणि देणगीची पावती

विभावरीला सकाळपासून काही सुचत नव्हतं. भाजी करपली, फोन वाजला की ती दचकायची. फ्रँकफर्टच्या एका मराठी मंडळाची ती खजिनदार, आणि अध्यक्ष कोण, तर तिचाच नवरा चंद्रशेखर! घरातच अध्यक्ष असला की नाही म्हणायची केवढी पंचाईत होते!

दिवाळीला मंडळाने नाटक आणि श्रीखंड-पुरीचं जेवण ठेवलं होतं. तिकिटं खपेनात, तेव्हा अध्यक्षमहाशयांनी परस्पर सांगून टाकलं, "घ्या हो बिनधास्त, श्पेंडेनबेशायनिगुंग देऊ!" म्हणजे देणगीची पावती, ती जोडली की टॅक्समध्ये सूट. झालं, तिकिटं हातोहात खपली. आता टॅक्सची कागदपत्रं भरायचे दिवस आले, लोक पावत्या मागू लागले, त्यात सगळ्यात पुढे चंद्रशेखरचा जिवलग मित्र समर्थ. आणि सही करायची होती विभावरीला.

"अगं, कर ना सह्या! समर्थचा परत फोन आला होता," चंद्रशेखर वैतागून म्हणाला.

"शेखर, ही खोटी सही आहे. पकडलं गेलं तर मंडळाची देणगीच्या पावत्या द्यायची मान्यता जाईल आणि मान खाली जाईल ती माझी."

"छे, काहीतरीच तुझं! फिनान्सआम्टला, त्या टॅक्स ऑफिसला, काय पडलंय आपल्या श्रीखंडाचं?"

पेपर वाचत बसलेले वासुदेवकाका हसले. चंद्रशेखरचे हे काका टोरांटोत वर्षानुवर्षं अकाउंटंट होते. पुण्याला जाताना चार दिवस पुतण्याकडे उतरले होते.

"आमच्या कॅनडात जेवणावळीची किंमत वजा करतात," ते म्हणाले. "उरेल तेवढीच देणगी, तेवढीच सूट. तुमच्याकडे काय नियम?"

"इथे तर त्याहून कडक, काका. मोबदला घेतला की ती देणगीच नाही," विभावरी म्हणाली.

"बघ! देश बदलला तरी प्रश्न एकच, शेखर. दिलेल्या पैशांच्या बदल्यात तुला काही मिळालं का? नाटक बघितलंस, पोटभर जेवलास. मग दान कसलं केलंस?"

"पण काका, सगळेच करतात! आणि नुकसान कुणाचं होतंय?"

"कुणाचं? तू बुडवलेला टॅक्स दुसऱ्या कुणीतरी भरायचा. तुझ्या पोरांची शाळा, हा समोरचा रस्ता काय फुकट होतो?" काकांचा आवाज चढला. "विभा, बदल्यात काहीही न घेता पैसे देणारं तुमच्याकडे कुणीच नाही का गं?"

"आहेत ना! खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई, फ्राऊ झायडल. आपलं मंडळ मदत करतं त्या अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे देऊन गेल्या. नाटकाला यायचं नाव नाही, मराठीचा गंध नाही."

"मग मंडळाची मान्यता गेली, तर उद्यापासून त्या बाईंनी द्यायचं कुणाकडे? त्या मुलींनी काय करायचं? तुझ्या श्रीखंडापायी!"

चंद्रशेखरचे कान लाल झाले होते. त्याने खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या, खिडकी उघडली, पुन्हा लावली. अरेरे, तिकिटं खपावीत म्हणून आपण काय कबूल करून बसलो!

त्याने फोन उचलला. "समर्थ, पावती मिळणार नाही रे. हो, मीच कबूल केलं होतं. चुकलं माझं. नाही, विभाने अडवलं नाही, मीच नाही म्हणतोय... बरं, नको येऊस पुढच्या वर्षी."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज विभावरीनेही ऐकला. नवऱ्याचा जिवलग मित्र दुखावला, याचं तिला वाईट वाटलं. पण आता फोन वाजला तरी दचकायचं कारण उरलं नव्हतं. तिने फ्राऊ झायडलची पावती लिहिली, खाली ठसठशीत सही केली. चंद्रशेखर तोवर पुढचा नंबर फिरवत होता.

बंधुभगिनींनो, आपण पुण्यात असू नाहीतर परदेशात, पावती मागण्याआधी स्वतःला एवढंच विचारू या: मी दिलं, की विकत घेतलं? दानावरची सूट हा समाजाने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. तो मोडून वाचवलेला पैसा आपल्याच शेजाऱ्याच्या खिशातून गेलेला असतो.