चिकट्याची चढण

दादाला घरात न्हाणीघर सापडत नाही, पण या राखीव रानातल्या पायवाटा झोपेतही सापडतील. म्हणून मीच त्याला इथे आणते. वहिनी म्हणते, तिथून आले की हे संध्याकाळपर्यंत तरी माणसात असतात. वनखात्याच्या साहेबांनी नाक मुरडलं तेव्हा मी सुनावलं, की ज्याने इथलं झाड न् झाड जगवलं त्याला तुम्ही फाटक दाखवणार का. मी इथली रोपवाटिका सांभाळते आणि तोंडाने फटकळ आहे. साहेब माझ्या वाटेला जात नाहीत.

काल तण उपटायला हौशी मंडळी आली होती. वरच्या चढणीवर चिकट्याची रोपं आहेत. इथलंच मूळचं झुडूप, पान मोडलं की चिकट दूध येतं. मोठी झाडं वणव्यात गेली, बीही संपलं, उरली ती ही पोरंच. त्यांच्यातच हुबेहूब तसं दिसणारं उपरं तण माजतं. त्याला दूध नसतं, एवढाच फरक, आणि तो आम्हा सगळ्यांना दादानेच शिकवलेला. मग मंडळी त्याच्या हवाली करून मी खालच्या वाटेच्या पायऱ्या बसवायला गेले.

दुपारी वर आले तर हा ढीग. एक रोप उचललं, बोटं चिकटली. दुसरं उचललं, तेही तसंच. चढणीवर तण तेवढं मजेत उभं होतं.

एक बाई कौतुकाने सांगू लागली, काकांनीच दाखवलं, पान मोडायचं, दूध आलं की उपटायचं, काका किती छान शिकवतात हो. माझं डोकं फिरलं. काहीतरी वाईट बोलणार, तेवढ्यात दादा ढिगामागून आला. कपाळाला माती, चाल ताठ. असा तो किती दिवसांत दिसला नव्हता.

"एक ठेवलं नाही, चिमणे," तो म्हणाला. "मुळासकट काढलंय. बघ."

मुळं उन्हात वाळून दोरा झाली होती. तरी थोडी मी ओल्या पोत्यात गुंडाळली. काही उपयोग नव्हता. आणि मी त्याची पाठ थोपटत छान केलंस म्हणत होते.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, उद्या कुठली बाजू घ्यायची.

"उद्या रान बंद आहे, दादा. आता बरेच दिवस बंदच."

रान कधी बंद नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. वाटलं, आता आवाज चढवेल, मला वेड्यात काढेल. जन्मात बापाचंही न ऐकलेला माझा भाऊ. भांड रे, असं मी मनात म्हणत होते.

"बरं," तो म्हणाला. "तू सांगशील तसं."

आणि नखातली माती काढत बसला.