दिव्याची गाडी

बिरदेव आबांचा नवस तसा साधाच होता, पण त्याचा ताप साऱ्या घराला झाला.

समृद्धी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. तुळजापूरच्या अलीकडं, महामार्गाला लागून त्यांची धनगरांची वस्ती. तिथं एकदा कुणी मोठा साहेब आला. गाडीच्या टपावर दिवा. साहेब कशाला आला आणि काय बोलून गेला हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, पण जाताना पोरं धुरळा खात गाडीमागं पळाली आणि सगळ्यांत पुढं समृद्धी होती. ती परतली तेव्हा केसांत माती आणि तोंडभर हसू. आबांनी नातीला तशीच हाताला धरून बिरोबाच्या देवळात नेलं, कमरेच्या पिशवीतला हळदीचा भंडारा मूठभरून देवावर उधळला आणि म्हणाले, "माझी नात दिव्याच्या गाडीतनं येईल, तवाच म्या गाडीत बसंन. तवर चाकावर पाय ठेवणार न्हाय."

त्या दिवसापासून आबा एस्टीत बसले नाहीत की जीपमध्ये बसले नाहीत. बैलगाडीसुद्धा वर्ज्य. समृद्धीच्या वडिलांनी, वैजनाथनं, एकदा वैतागून विचारलं, "बैलगाडीला कंदील आसतोय की. तो दिवा न्हाय व्हय?" आबा शांतपणे म्हणाले, "हाय की. पण ती समृद्धी कुठं हाकती?" लोहाऱ्याला पाहुण्यांत लग्न असलं की वऱ्हाड सकाळी निघायचं आणि आबा खांद्यावर घोंगडं टाकून दोन दिवस आधी. वऱ्हाड पोचायचं तेव्हा हे मांडवात बसून दुसरा चहा पीत असायचे आणि वर उशीर झाला म्हणून वऱ्हाडालाच बोलायचे. सोनारीच्या भैरोबालाही पायीच. नवस फिटला तर म्हाताऱ्याला करमायचं नाही, अशी वस्तीवर थट्टा चालायची.

ही थट्टा समृद्धीला मात्र लागायची. दिव्याची गाडी म्हणजे लाल दिव्याची गाडी, हे सांगायला लागत नाही. लाल दिवा म्हणजे तहसीलदार, कलेक्टर. ती कॉलेजात असताना सरकारनं साहेबांच्या आणि मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे काढले, तेव्हा वैजनाथ धावतच आला होता. "आबा, आता मंत्र्याच्या गाडीवरबी दिवा न्हाय. तुमचा नवस सुटला समजा!"

"समद्याच गाड्यांचं दिवं काढलं का?" आबांनी विचारलं.

"समद्याच कशाला? पोलिसाची गाडी, दवाखान्याची गाडी, रस्त्याच्या कामाच्या गाड्या, त्येंचं ऱ्हायलं."

"मंग झालं तर," आबा म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

पुढं समृद्धी परीक्षांना बसली, थोडक्यात हुकली, पुन्हा बसली, पुन्हा हुकली. शेवटी महामार्गाची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागली. काम गस्तीच्या गाडीवरचं. गाडी तीच चालवायची. ट्रक बंद पडला की त्याच्या मागं आपली गाडी आडवी लावायची, रस्त्यावर केशरी शंकू मांडायचे, मेलेलं कुत्रं नाहीतर वासरू बाजूला करायचं आणि हे सगळं चालू असताना टपावरचा दिवा पेटता ठेवायचा, म्हणजे मागून येणारा अंगावर येत नाही.

जुना दिवा चांगला लांबरुंद होता. उसाच्या ट्रॉलीला घासून तो फुटला, तेव्हा तुळजापूरच्या जाफरचाचांनी नवा बसवून दिला. जाफरचाचांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. पाहुण्याला पोरगी दाखवावी तशा कौतुकानं त्यांनी नव्या दिव्याची पट्टी खोक्यातून काढली. हातभर लांब, दोन बोटं जाड, तळाला चुंबक. बंद असली की नुसती पांढरी, पेटली की पिवळीधमक. "केवढीशी हाय बघ बेटा," चाचा म्हणाले, "पण लांबवरनं ट्रकवाल्याचा पाय ब्रेकवर आणती. एलईडी हाय. बॅटरीबी खात न्हाय."

समृद्धीनं घरी या पट्टीचा उच्चारही केला नाही. रस्त्यावर नोकरी आहे, एवढंच सांगितलं. संध्याकाळी गाडी टोलनाक्यावर लावायची आणि शिटं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं घरी यायची. मेली कुत्री उचलणाऱ्या गाडीचा हा पिवळा दिवा. लाल दिव्याची वाट बघत पाय झिजवणाऱ्या माणसाच्या दारात तो कोणत्या तोंडानं न्यायचा?

अशात आबांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही, हळूहळू. आधी मेंढरं ओळखू येईनात, मग आवाजावरून माणसं ओळखायला लागले, मग एक दिवस वैजनाथ समजून खांबाशी भांडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वस्तीवर तपासणीला येऊन गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी निरोप दिला होता की आता थांबलात तर काचबिंदू होईल, मग आमच्याही हातात काही नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली. सोलापूरला जायचं कसं, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती होईना.

वैजनाथनं जाफरचाचांना फोन लावला. म्हाताऱ्यासाठी एक दिवस जीपवर लाल पट्टी चिकटवून द्या म्हणाला. चाचांनी फोनवरच हात जोडले असावेत. "वैजनाथभाऊ, खासगी गाडीवर लाल दिवा लावला तर पोलीस आधी मला उचलतील, मंग तुम्हाला. अन् लाल पायजेल कशाला? मोतीबिंदूवाल्याला समदं पिवळटच दिसतंय. आमच्या अम्मीला ऑपरेशनच्या आधी पांढरी भिंत हळद लावल्यावानी दिसायची."

या गोष्टीवर घरात दोन दिवस खल झाला. आबांनी तो ऐकला की नाही कोण जाणे, पण तारखेच्या आदल्या दिवशी पहाटे त्यांचं अंथरूण रिकामं होतं. घोंगडं नव्हतं, काठी नव्हती. म्हातारा सोलापूरला चालत निघाला होता.

समृद्धीला त्या दिवशी रात्रपाळी होती. तिला घरचा फोन यायच्या आधी नियंत्रण कक्षाचा आला. पुलाच्या उतारावर एक म्हातारा गाड्यांच्या रस्त्यातून चाललाय, ट्रकवाले तक्रार करतायत. त्या उतारावर काय काय उचलावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तिनं पट्टी पेटवली आणि गाडी हाणली. आबा दिसले ते कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत, चांगले हातभर आत. काठीनं पट्टा चाचपत होते, पण पट्टा काठीला लागतो थोडाच! एक कंटेनर भोंगा वाजवत त्यांच्या शेजारून गेला आणि घोंगड्याचा पदर उडाला. समृद्धीनं गाडी त्यांच्या मागं आडवी घातली, खाली उतरली आणि आधी त्यांना दंडाला धरून कडेला आणलं. मग ती रडली. शंकू मांडायचेसुद्धा तिला भान राहिलं नाही.

"कोण? समे, तू हाय व्हय?"

"मीच. आबा, जीव घ्यायचाय का आमचा? कुठं निघालात?"

"दवाखान्यात. तूच तर तारीख सांगितलीस." आबांनी मान वर केली, डोळे बारीक केले. "ते वर लुकलुकतंय काय गं?"

समृद्धीनं वळून पाहिलं. मागं वाहनं तटली होती.

"दिवा हाय का? गाडीवर?"

"हाय."

"गाडी तू आणलीस? तूच चालवतीस?"

"व्हय आबा." आणि मग तिनं घाईघाईनं, त्यांचं मन पुन्हा फिरू नये म्हणून, पुढचं वाक्य जोडलं, "लाल दिवा हाय. लाल दिव्याची गाडी हाय आपली. बसा आता."

आबांनी चाचपून गाडीचं दार शोधलं, कमरेच्या पिशवीत बोट घालून उंबऱ्याला लावावा तसा दाराला भंडारा लावला, चप्पल बाहेर काढली आणि अनवाणी आत बसले. ती चप्पल समृद्धीनं उचलून मागं टाकली. तिच्या वरच्या साहेबांना तिनं फोन केला, तर ते भले निघाले. गाडी सर्व्हिसिंगला सोलापूरला न्यायचीच आहे, आजच ने म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. पण समृद्धीला दवाखान्याच्या बाकावर बसून झोप येईना. आबांना नीट दिसावं म्हणून ती देवाला हात जोडत होती आणि नीट दिसल्यावर काय होईल याची तिलाच भीती वाटत होती. नवस मोडला होता, आणि मोडला तिनं होता. आबांनी देवाला दिलेला शब्द, गारठ्यात चालून, उन्हात चालून, इतकी वर्षं सांभाळलेला, तिनं एका खोट्या शब्दात घालवला. डोळ्यांवरची पट्टी उघडली तेव्हा आबांनी आधी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाळलीस की गं!" ती हसली, आणि मनात ठरवलं की घरी जाईपर्यंत टपावरच्या दिव्याचं बटण दाबायचंच नाही. बंद पट्टी पांढरी. तिच्याकडं बघून कुणाला काय कळतंय? पुढचं पुढं.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर बसले होते आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, बाकी ते मनानं घालत होते.

वस्ती जवळ आली. वळणाच्या पुढं रस्त्यावर पांढरं काहीतरी हलताना दिसलं आणि समृद्धीनं ब्रेक लावला. मेंढरं. पुढं काठी उगारून वैजनाथ. त्यांचंच खांड, नेहमीसारखं रस्ता ओलांडून घराकडं निघालेलं. निम्मी मेंढरं पलीकडं, निम्मी रस्त्यावर, आणि एक लंगडं कोकरू नेमकं मधोमध. समृद्धीनं आरशात पाहिलं. वळणावरून वाळूचा एक टिप्पर येत होता. त्याला मेंढरं दिसणार नव्हती. त्याला ही गाडीही ऐन वेळेलाच दिसणार होती.

बटणाकडं हात गेला आणि क्षणभर थांबला. मग तिनं बटण दाबलं.

टिप्परवाल्यानं वेग कमी केला, पार मागं थांबला. उतरतीच्या उन्हात पट्टीचा उजेड पुढं पडत होता, मेंढरांच्या पाठींवर. पांढरी लोकर पिवळी होई, पांढरी होई, पुन्हा पिवळी. आबांनी काळा चष्मा काढला.

"आबा, चष्मा घाला. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"थांब जरा."

ते बघत राहिले. समृद्धीला ते सहन होईना. "आबा, मी खोटं बोलले. दिवा लाल न्हाय. मी साहेब बिहेब काय झाले न्हाय. बंद पडलेल्या गाड्यांच्या मागं उभी ऱ्हाते, मेलेली जनावरं उचलते. हा पिवळा दिवा त्याच कामाचा हाय. म्हणून गाडी नाक्यावरच ठेवून येत हुते. तुमचा नवस मी मोडला."

आबा तिच्याकडं वळले. त्यांचे नवे डोळे पाण्यानं भरले होते आणि ओठांवर मात्र तिला चिडवतानाचं नेहमीचं हसू होतं.

"म्या काय पुसलं हुतं तुला? दिवा हाय का, एवढंच न्हवं? लाल तूच म्हणलीस."

"पण नवस..."

"नवसात लाल कवा म्हणलो म्या? तुझ्या बापाला ईचार. वस्तीला ईचार. भंडाऱ्याची मूठ उधळून मागितलं, अन् लाल मागंन व्हय? आपल्या देवाचा रंग कंचा, पोरी?"

समृद्धीनं समोर पाहिलं. पुढं मेंढरांवर उजेड पडत होता, जात होता, पुन्हा पडत होता, आणि आबा हात जोडून म्हणत होते, "बिरोबाच्या नावानं चांगभलं! बघ, बघ की. उधळण चाललीया नुसती. कवाधरनं चालतोय म्या, अन् तू ही गाडी नाक्यावर लपवून वडापनं येत हुतीस? येडी कुठली!"

लंगडं कोकरू पार झालं. वैजनाथनं गाडीत बसलेल्या बापाकडं पाहिलं, मग टपाकडं पाहिलं, आणि काठी टेकून तिथंच उभा राहिला. आबा खाली उतरले, टाचा उचलून टपापर्यंत पोचले आणि त्या पट्टीच्या कडेला भंडाऱ्याचं बोट ओढून पुन्हा गाडीत येऊन बसले. जाफरचाचा काचेवर डाग पडला म्हणून नंतर हळहळणार होते, पण त्यांचं आबांपुढं काय चालणार?

आता उजेड बंद करायला हवा होता. काम झालं की बंद, हा नियमच. समृद्धीनं तो मोडला आणि गाडी तशीच वस्तीच्या कच्च्या रस्त्याला घातली. पोरं ओरडत मागं पळायला लागली. घर आलं, तिनं गाडी उभी केली आणि आबांच्या बाजूचं दार उघडलं.

आबा जागचे हलले नाहीत. मांडीवर घोंगडं सारखं करत म्हणाले, "हितं कशाला थांबवलीस? देवळापतुर घे. त्येलाबी बघू दे की."